नगरपालिकांचे परराष्ट्र धोरण

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्यात शहराचे महापौर सेन्किची आवाया त्यांच्या घरीच ठार झाले. ज्या यंत्रणेने आग विझवायची, जखमींना दवाखान्यात न्यायचे, पाणी पुरवायचे आणि मृतांची विल्हेवाट लावायची ती यंत्रणाही त्यांच्याबरोबर कोसळली. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि तीन दिवसांनी बॉम्ब पडलेल्या नागासाकीत सुमारे ७४ हजार माणसे दगावली. बॉम्ब टाकायचा की नाही हे राजधानीत ठरते आणि तो पडतो शहरावर. अण्वस्त्रांबद्दल बोलण्याचा महापौरांचा हक्क या साध्या वस्तुस्थितीतून आला आहे. ‘मेयर्स फॉर पीस’ ही महापौरांची आंतरराष्ट्रीय संघटना त्याच पायावर उभी आहे. तिच्या यशापयशाचे मोजमापही याच पायावरून घ्यायला हवे.

हिरोशिमाचे महापौर शिंझो हामाई यांनी १९४७ च्या ६ ऑगस्टला पहिले शांतता घोषणापत्र वाचले. तेव्हापासून त्या दिवशी महापौराने जगाला उद्देशून बोलायचे, असा पायंडा पडला. १९६८ पासून त्यात आणखी एका कामाची भर पडली. जगात कोणीही अणुचाचणी केली की त्या देशाला हिरोशिमाच्या महापौरांचा निषेध जातो. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर भारतही त्यातून सुटला नाही. जून १९८२ मध्ये महापौर ताकेशी अराकी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरणविषयक दुसऱ्या विशेष अधिवेशनात गेले आणि अण्वस्त्रे नष्ट व्हावीत यासाठी जगभरच्या शहरांनी एकजूट करावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. तो युरोपात नव्या क्षेपणास्त्रांवरून वातावरण तापलेला काळ होता. याच महिन्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अण्वस्त्रविरोधकांचा प्रचंड मेळावा भरला होता. हिरोशिमा आणि नागासाकी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संघटनेला १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत सल्लागाराचा दर्जा मिळाला आणि २००१ मध्ये तिचे आजचे नाव रूढ झाले.

मात्र नगरपालिका या विषयात सर्वांत जास्त परिणामकारक ठरल्या त्या संघटनेच्या बाहेर, आपापल्या गावात. ब्रिटनमध्ये मँचेस्टरने नोव्हेंबर १९८० मध्ये स्वतःला अण्वस्त्रमुक्त शहर जाहीर केले आणि पाठोपाठ इतर शहरांनी तसे ठराव केले. सरकारने ते आधी हसण्यावारी नेले. पण १९८२ मध्ये अणुहल्ला झाल्यास नागरी बचाव कसा करायचा याची ‘हार्ड रॉक’ नावाची देशव्यापी रंगीत तालीम ठरली, तेव्हा अनेक स्थानिक संस्थांनी तीत भाग घ्यायला नकार दिला. अणुहल्ल्यानंतर शहर वाचवण्याची कोणतीही योजना खोटी आहे आणि खोट्या योजनेची तालीम करण्यात अर्थ नाही, असा विरोधकांचा मुद्दा होता. अखेर ती तालीम सरकारला गुंडाळावी लागली. नागरी बचावाचे कागद सांभाळणाऱ्या कारकुनांनीच जणू आपल्या फायलीवर ‘अशक्य’ असा शेरा मारला.

जपानच्या कोबे शहराची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे बंदराचे व्यवस्थापन महापालिकेकडे आहे. मार्च १९७५ मध्ये कोबेच्या नगरसभेने ठराव केला की, जहाजावर अण्वस्त्रे नाहीत असे प्रमाणपत्र दिल्याशिवाय परदेशी युद्धनौकेला धक्क्याला लागू द्यायचे नाही. आपल्या जहाजांवर अण्वस्त्रे आहेत की नाहीत हे अमेरिकी नौदल सांगत नसे. त्यामुळे प्रमाणपत्राचा प्रश्नच उरला नाही आणि त्यापुढे कित्येक दशके अमेरिकी युद्धनौका कोबेत आली नाही. लष्करी करार मोडलेला नाही, अमेरिकेचा निषेध केलेला नाही. बंदराच्या नियमावलीत फक्त एका अटीची भर पडली. न्यूझीलंडमध्ये तर हा प्रवास कायद्यापर्यंत पोहोचला. १९८४ पर्यंत तिथली निम्म्याहून अधिक जनता अण्वस्त्रमुक्त म्हणून जाहीर झालेल्या गावांत आणि शहरांत राहत होती. त्या वर्षी सत्तेवर आलेल्या डेव्हिड लाँगी यांच्या सरकारला धोरणासाठी लागणारी जमीन आयती मिळाली. १९८५ मध्ये अमेरिकी युद्धनौका ‘ब्युकॅनन’ला मज्जाव झाला आणि १९८७ मध्ये संपूर्ण देश कायद्याने अण्वस्त्रमुक्त ठरला.

महापौरांचा आवाज सर्वांत उंच ठिकाणी पोहोचला तो नोव्हेंबर १९९५ मध्ये, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. अण्वस्त्रांचा वापर कायदेशीर आहे का, या प्रश्नावर हिरोशिमाचे ताकाशी हिराओका आणि नागासाकीचे इच्चो इतो यांनी निवेदने केली. वापर बेकायदा आहे, असे दोघांनीही स्पष्ट सांगितले. त्यांच्याच देशाच्या प्रतिनिधीने मात्र महापौरांची मते ही सरकारची मते समजू नयेत, असे न्यायालयाला बजावले. पुढे ८ जुलै १९९६ च्या सल्लामतात न्यायालयाने अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध ठरेल असे म्हटले, पण देशाच्या अस्तित्वावरच बेतले असता काय, हा प्रश्न अनिर्णित ठेवला. या मुद्द्यावर मते सातास सात पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. टोकियोने अमेरिकेच्या अण्वस्त्र-छत्राखाली राहायचे आणि हिरोशिमाने त्या छत्रालाच आव्हान द्यायचे, हा विसंवाद हेगमध्ये सर्वांसमोर आला. तो आजही तसाच आहे.

२००३ मध्ये हिरोशिमाचे तत्कालीन महापौर तादातोशी अकिबा यांनी ‘२०२० व्हिजन’ मोहीम सुरू केली. हिरोशिमाच्या पंचाहत्तराव्या स्मरणवर्षापर्यंत जग अण्वस्त्रमुक्त करायचे, असे तिचे उद्दिष्ट होते. मुदत ठरवून घेतलेले उद्दिष्ट फसले की ते लपवता येत नाही. २०२० आले तेव्हा जगात हजारो अण्वस्त्रे होती आणि संघटनेने पुढच्या वर्षी नवे संकल्पपत्र स्वीकारले. सदस्यसंख्या मात्र वाढतच गेली. आज १६६ देश व प्रदेशांतील आठ हजारांहून अधिक शहरे सदस्य आहेत आणि जपानमधील जवळपास सर्व नगरपालिका त्यात आहेत. दहा हजारांचा टप्पा गाठायचा, हे आता संघटनेचे ध्येय. या आकड्याने भारावून जाण्याचे कारण नाही. सदस्यत्वाची वर्षाची वर्गणी दोन हजार येन, म्हणजे फुटकळ रक्कम. सही करून विसरून जाणारी शहरे त्यात किती, हे आकडा सांगत नाही. कोबेचा एक ठराव अशा शेकडो सह्यांना भारी पडतो, कारण कोबेने आपल्या हातात असलेला अधिकार वापरला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या नगरसभेने शहर कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीतला पैसा अण्वस्त्रनिर्मितीशी संबंधित कंपन्यांतून काढून घ्यावा, असा ठराव केला. तो याच जातीचा.

असे अधिकार सगळ्याच महापौरांकडे नसतात. महाराष्ट्रात महापालिकेचा कारभार आयुक्तांच्या हाती असतो आणि महापौर प्रामुख्याने सभेचे अध्यक्षपद व मानाची कामे पाहतात. मोठी बंदरे, संरक्षण आणि अणुऊर्जा हे विषय तर सरळ केंद्राचे. त्यामुळे अणुसंशोधनाचे मोठे केंद्र स्वतःच्या हद्दीत असलेल्या मुंबईतही हा विषय नागरी राजकारणाचा झाला नाही. भारताची संसद ६ ऑगस्टला हिरोशिमाच्या मृतांना श्रद्धांजली वाहते, आणि अण्वस्त्रबंदी करारावर भारताची सही नाही. हिरोशिमाला या दोन्ही गोष्टी एकत्र पाहण्याची सवय आहे, कारण जपानच्या राजधानीतही तेच चालते.

अण्वस्त्रबंदी करार ७ जुलै २०१७ रोजी १२२ देशांच्या मतांनी संमत झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. अण्वस्त्रधारी देश त्यापासून दूर राहिले आणि जपाननेही सही केली नाही. करार मानणाऱ्या देशांची पहिली बैठक जून २०२२ मध्ये व्हिएन्नात भरली. जपान सरकारने तिथे निरीक्षकसुद्धा पाठवला नाही. हिरोशिमाचे काझुमी मात्सुई आणि नागासाकीचे तोमिहिसा ताउए हे दोघे महापौर मात्र गेले आणि बोलले. मे २०२३ मध्ये हिरोशिमातच भरलेल्या जी-७ परिषदेने अण्वस्त्रांच्या धाकाचे समर्थन करणारे निवेदन काढले. तीन महिन्यांनी, ६ ऑगस्टच्या घोषणापत्रात मात्सुई यांनी हा धाकाचा सिद्धान्त म्हणजे मूर्खपणा असल्याचे समोर बसलेल्या पंतप्रधानांना ऐकवले.