व्यवहार-विवेक : थांबलेली गाडी का तापते?



मार्गशीर्षातील एका सुटीच्या दिवशी आम्ही पुण्याहून कुंभोज बाहुबलीच्या दर्शनास निघालो. आईचे त्या दिवशी एकाशन होते. क्षेत्रावर पोहोचून प्रथम दर्शन घ्यावे आणि मगच सूर्यास्तापूर्वी आहार करावा, असा तिचा संकल्प. दुकानातील राहिलेली कामे आटोपून अकराच्या सुमारास मी गाडी बाहेर काढली. दुपारी चारपर्यंत पोहोचू, असा माझा हिशोब होता.

खंबाटकी घाटाच्या चढावर वाहनांची रांग लागली होती. दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, ते निवू दिले. पुन्हा निघालो, शे-दोनशे पावले गेलो नाही तोच काटा पुन्हा वर. असे करीत घाटात अडीच तास गेले. माथा ओलांडल्यावर रस्ता मोकळा मिळाला आणि आश्चर्य असे की काटा आपोआप मध्यावर येऊन स्थिर झाला. साताऱ्यापर्यंत गाडीने काहीच तक्रार केली नाही. शहरात शिरताना पहिल्याच सिग्नलला थांबलो आणि काटा पुन्हा चढला.

येथे मागील तीन महिन्यांचा इतिहास सांगणे आवश्यक आहे. आधी एसी नीट गार करीत नाही म्हणून मी गाडी गॅरेजला दिली होती; त्यात गॅस भरला गेला. महिन्याने बाजारातील गर्दीत काटा वर गेला, तेव्हा थर्मोस्टॅट बदलला. पुढे पुन्हा तसेच झाले, तेव्हा रेडिएटर धुऊन त्याचे झाकण नवे बसवले. तिन्ही बिले मी विनातक्रार फेडली आणि तिन्ही वेळा ‘आता काळजी नाही, शेठ’ हे आश्वासन घेऊन घरी आलो.

साताऱ्यात महामार्गालगत गाड्यांच्या वायरिंगची कामे करणारे एक वृद्ध कारागीर भेटले. त्यांनी बोनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला : ‘शेठ, गाडी पळताना तापते की उभी राहिल्यावर?’

‘उभी राहिल्यावर,’ मी म्हणालो.

‘आणि एसी? तोही उभ्या गाडीतच गार करीत नाही ना?’

मी थबकलो. तीन महिने दोन स्वतंत्र दुखणी म्हणून मी ज्यांचा खर्च केला, ती एकाच रोगाची दोन लक्षणे होती. हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता, आणि मीही कोणाला सारी हकिगत एकत्र सांगितली नव्हती. म्हणून दोष कारागिरांच्या माथी मारून मी मोकळा होऊ शकत नाही.

या प्रश्नामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. इंजिनात निर्माण होणारी उष्णता कूलंट नावाचे द्रव वाहून नेते आणि गाडीच्या तोंडाशी असलेल्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरताना ती हवेला देऊन टाकते. गाडी वेगात असते तेव्हा समोरचा वाराच हे काम करतो. पंख्याची फारशी गरज पडत नाही. गाडी थांबली किंवा रांगेत सरपटू लागली की वारा नाहीसा होतो, आणि मग रेडिएटरमधून हवा ओढण्याचे काम पंख्याला करावे लागते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो, त्यामुळे त्यालाही तीच हवा लागते. पंखा बंद पडला की इंजिन तापते आणि एसीही कोमट हवा देतो. मात्र गाडी उभी असतानाच.

जुन्या फियाट आणि अँबॅसडरमध्ये हा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 पासून आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या लहान गाड्या आपल्याकडे सर्वत्र झाल्या. इंजिन आडवे असल्यामुळे त्याचा पट्टा समोरच्या पंख्यापर्यंत नेणे सोयीचे राहिले नाही, म्हणून पंख्याला स्वतःची विजेची मोटर आली. गरजेपुरताच फिरणारा हा पंखा इंधन वाचवतो. पण आता त्याच्या आणि बॅटरीच्या मध्ये फ्यूज, रिले, सेन्सर, वायर आणि जोडण्या अशी साखळी उभी राहिली. तिची कोणतीही एक कडी तुटली तरी पंखा थांबतो, आणि बाहेरून सर्व दोष सारखेच दिसतात.

त्या कारागिरांनी ही साखळी ज्या क्रमाने तपासली, तो क्रम वाचकांसाठी येथे देतो. हे सर्व स्वतःच्या हाताने करावे असा आग्रह नाही. पण कारागिराशी बोलताना काय विचारावे, हे यातून नक्की कळेल.

प्रथम त्यांनी इंजिन सुरू करून एसी लावला. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात हा पंखा फिरू लागतो. एसीबरोबर तो फिरत असेल, पण इंजिन तापल्यावर फिरत नसेल, तर मोटर ठीक आहे. संशय तापमान सांगणाऱ्या सेन्सरवर किंवा कमी झालेल्या कूलंटवर जातो. सेन्सर द्रवात बुडालेला नसेल, तर त्याला खरे तापमान कळत नाही. आमचा पंखा एसी लावूनही हलला नाही.

मग फ्यूज. बोनेटखालील पेटीत पंख्याचा फ्यूज बहुधा तीस किंवा चाळीस अँपिअरचा असतो. तो जळला असेल तर तेवढ्याच क्षमतेचा दुसरा लावावा; मोठा लावणे किंवा तारेचा तुकडा बांधणे म्हणजे आगीला आमंत्रण. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोटर अडकलेली आहे किंवा वायर कोठेतरी घासून उघडी पडली आहे. आमचा फ्यूज शाबूत होता.

त्यानंतर मोटर. किल्ली काढून त्यांनी मोटरची जोडणी सोडवली. प्लास्टिक कोठे तपकिरी होऊन वितळले आहे का ते पाहिले, पंख्याचे पाते बोटाने फिरवून ते सहज फिरते याची खात्री केली. मग बॅटरीपासून फ्यूज असलेली एक स्वतंत्र वायर थेट मोटरला जोडली. पंखा भरधाव फिरू लागला! जी मोटर एखाद्या दिवशी आमच्या माथी नवी मारली गेली असती, ती पूर्णपणे समर्थ होती. तिच्यापर्यंत वीज पोहोचत नव्हती, एवढेच.

निमित्त आणि उपादान हे शब्द आपण प्रवचनांत नेहमी ऐकतो. यंत्राला ते तंतोतंत लागू करण्याचा माझा अधिकार नाही. पण वस्तूची स्वतःची योग्यता आणि तिला बाहेरून मिळणारे साहाय्य यांचा स्वतंत्र विचार केल्यावाचून कार्य का घडले नाही हे कळत नाही, एवढे त्या क्षणी मला पटले.

उरला रिले. रिले म्हणजे थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज सोडणारा, काडेपेटीपेक्षाही लहान असा दरवान. एसी लावताच आमच्या रिलेतून ‘टक्’ असा आवाज येत होता. मी असतो तर तेवढ्यावरून तो चांगला ठरवला असता. कारागिरांनी तो काढून त्याच क्रमांकाचा हॉर्नचा रिले त्याच्या जागी बसवला. पंखा फिरला. जुन्या रिलेच्या आतील बिंदू जळाले होते. दार उघडल्याचा आवाज होत होता, पण आत कोणी जात नव्हते. दोन-चारशे रुपयांची ती वस्तू शेजारच्या दुकानात मिळाली. हॉर्नचा रिले परत जागेवर गेला.

काम येथे संपले असे मला वाटले. त्यांना वाटले नाही. त्यांनी वायरभोवती मीटर लावून मोटर किती वीज ओढते ते पाहिले. ‘मोटर जड झाली असती तर नवा रिलेही जळला असता,’ ते म्हणाले. जी चूक सापडली तिचे कारण काय, हेही शोधणारा माणूस दुर्मीळ. एकूण वेळ पाऊण तास.

आणखी काही खुणा ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. मोटरवर हलकेच ठोकल्यावर पंखा सुरू होत असेल, तर तिचे ब्रश झिजले आहेत. ती फार दिवस चालणार नाही. दोन वेगांच्या पंख्यात संथ वेग गेला आणि केवळ जोराचा राहिला, तर बहुधा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलेला असतो. नुसता टेस्ट लॅम्प पेटला म्हणून वायर ठीक समजू नये. गंजलेली वायर लहान दिवा पेटवील, पण मोटरचा भार पेलणार नाही. आणि पंखा उत्तम फिरत असूनही इंजिन तापत असेल, तर दोष पंख्यात नाही. तेव्हा तुंबलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट यांकडे वळावे. पळत्या गाडीतही काटा चढत असेल, तर हीच शक्यता अधिक.

वाटेत असा प्रसंग आला तर एसी बंद करावा, काचा खाली घ्याव्यात आणि हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात सोडावा. उकाडा होईल, पण इंजिनाची काही उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. तरीही काटा चढत राहिला तर गाडी सुरक्षित जागी उभी करून इंजिन बंद करावे. लाल रेषेवर गाडी रेटल्यास सिलिंडर हेड वाकते, आणि मग खर्च शेकड्यांत राहत नाही. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कदापि उघडू नये. आतील द्रव दाबाखाली शंभर अंशांहून अधिक तापलेले असते. दाब सुटताच ते उसळून तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणेही घातक. पंखा तपासताना सैल उपरणे, साडीचा पदर व बोटे दूर ठेवावीत. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो एकाएकी सुरू होतो.

एक गोष्ट आपल्या घरांनी विशेष लक्षात घ्यावी. कूलंटमध्ये बहुधा एथिलिन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात. आणि ते विषारी आहे, थोडेसे पोटात गेले तरी प्राण जाऊ शकतो. गाडीखाली हिरवे-गुलाबी थेंब दिसले तर ते तत्काळ पुसून, धुऊन काढावेत आणि गळती बंद करून घ्यावी. जुने कूलंट अंगणात किंवा रस्त्याकडेच्या गटारात ओतू देऊ नये. ते डब्यात भरून गॅरेजकडे सोपवावे. पाणी गाळून पिणाऱ्या घराच्या दारात मुक्या जिवासाठी विष सांडलेले असावे, हे आपल्याला शोभत नाही.

खतावणीत फरक आला तर आपण अंदाजाने एखादी रक्कम घालून बाजू जुळवत नाही. नोंद नोंद पडताळतो. गाडीच्या बाबतीत मात्र तेच आपण तीन-तीनदा करतो, कारण सुटा भाग बदलला की काहीतरी झाल्याचे समाधान मिळते. यापुढे गाडी कारागिराच्या हाती देताना मी चार ओळी लिहून देतो : केव्हा तापते, केव्हा तापत नाही, त्या वेळी आणखी काय बिघडते, आणि आजवर काय काय बदलले. आणि दूरच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी गाडी उभी करून एसी लावतो व पंखा फिरतो की नाही ते डोळ्यांनी पाहतो. दोन मिनिटे लागतात.

त्या दिवशी आम्ही क्षेत्रावर पोहोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. सूर्य केव्हाच मावळला होता. आईचे एकाशन उपवासात बदलले. ती एका शब्दाने बोलली नाही. खोलीत जाऊन सामायिकाला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन करून तिने पारणे केले, तेव्हा माझ्याही घशाखाली घास उतरला. तीन बिलांचे पैसे मी केव्हाच विसरलो आहे. पंचाहत्तरीच्या आईला माझ्या आळसामुळे उपाशी राहावे लागले, ते विसरता येत नाही.

जय जिनेंद्र.