खिशातला कांदा

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे भर दुपारी बाहेर पडणाऱ्याच्या खिशात अनेकदा कांदा असतो. ऊन लागू नये म्हणून घरातली मोठी माणसे तो आठवणीने देतात. ‘इतकी वर्षे ठेवतो, कधी ऊन लागले नाही,’ हा त्यांचा पुरावा. त्याला हसण्याचे कारण नाही. विज्ञानाची सुरुवातही अशा निरीक्षणातूनच होते. फक्त ते तिथे थांबत नाही. कांदा न विसरणारा माणूस डोक्याला रुमालही बांधतो, पाणी पिऊन निघतो आणि काम उरकून लवकर परततो. मग त्याला वाचवले कोणी? हे ठरवायचे तर एकाच शेतात सारखेच काम करणारे मजूर घ्यावेत, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना कांदा द्यावा, निम्म्यांना देऊ नये. आणि कांदा हरला तर ते कबूल करण्याची तयारी ठेवावी. अवघड असते ते हेच.

शरीर थंड कसे होते, हे मात्र पक्के ठाऊक आहे. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते आणि कूलर चालतो तो याच नियमाने. खान्देशातला उन्हाळा कोरडा. घाम झटकन उडतो, अंग ओले दिसत नाही आणि पाणी किती गेले याचा पत्ता लागत नाही. पावसाच्या तोंडावर हवा दमट झाली की पारा उतरतो, पण कूलर निकामी होतो आणि घामही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमानंतर १४ जणांचा बळी गेला, तेव्हा त्या भागात पारा चाळिशीच्या आतच होता.

पाराही कुठला, ते पाहावे. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. रावेर-यावलच्या बागेतून केळीचे घड डोक्यावर वाहणाऱ्या मजुराला ती पेटी नसते. उलट, उन्हात उभ्या मोटारीने दाखवलेला पन्नासचा आकडा मोटारीचा असतो, गावाचा नव्हे.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. उष्माघाताच्या नावावर नोंदलेले मृत्यू त्या मानाने थोडेच होते. संशोधकांनी प्रश्नच बदलला: आदल्या आणि पुढच्या वर्षी याच महिन्यात याच शहरात किती माणसे दगावली? त्या तुलनेत १,३४४ मृत्यू जास्त निघाले. २०१३ साली त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला, त्यामागे हा हिशेब होता. जळगाव आणि धुळ्याच्या महापालिकांकडेही मृत्यूची नोंद असते. नवे यंत्र नको, इमारत नको; महिनावार आकडे काढून दरवर्षी जाहीर करायचे. ते होत नाही तोवर उन्हाने किती माणसे नेली, याची चर्चा अंदाजावरच चालणार.

अंग भट्टीसारखे तापलेला माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा भोवळ येऊन पडला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच १०८ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. तळपायाला कांदा चोळत बसू नये. जी दहा मिनिटे त्यात जातात, तीच मोलाची असतात.