वितळवण्याआधी वाचा

15 ऑक्टोबर 2025 रोजी गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात माओवादी नेता भूपती 60 साथीदारांसह शरण आला. मुख्यमंत्र्यांसमोर 54 शस्त्रे खाली ठेवली गेली. त्यांत सात एके-47 आणि नऊ इन्सास रायफली होत्या. छायाचित्रे निघाली, बातम्या झाल्या. आता ही शस्त्रे मुद्देमालाच्या खोलीत जातील आणि कधीतरी निकालात निघतील. आमचे मागणे एवढेच, की भट्टीत जाण्याआधी त्यांतले एकेक शस्त्र कुणीतरी नीट वाचावे.

बंदूक खरोखरच वाचता येते. जुनी थ्री-नॉट-थ्री हातात घ्या. बोल्टची मूठ खाली बसते त्या भागात, दस्त्याच्या तोंडाशी उजव्या अंगाला एक लोखंडी पट्टा असतो. रॉकेलच्या फडक्याने ग्रीस पुसले, की मुकुट दिसतो, त्याखाली 'जीआरआय' ही सम्राट जॉर्जची अक्षरे, मग 'इशापूर' आणि खाली सन. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती त्या साली घडली. पुढे राज्य बदलले, ठसाही बदलला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. आता मुठीमागचा क्रमांक सांगाड्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. जुळला नाही तर बोल्ट दुसऱ्या बंदुकीचा. कुठल्या तरी शस्त्रागारात, नाहीतर जंगलातल्या एखाद्या तळावर, दोन मोडक्या बंदुकांतून ही एक उभी राहिली आहे.

या वाचनाचे शास्त्र अमेरिकेत एका हलक्या बंदुकीवर, एम-1 कार्बाइनवर, पुष्कळ पुढे गेले. आपल्याकडे पोलीस जिला कार्बाइन म्हणतात ती कानपूरच्या कारखान्याची 9 मिलिमीटरची. अमेरिकेची ही एम-1 वेगळी. दुसऱ्या महायुद्धात ती 60 लाखांहून अधिक संख्येने बनली आणि मुख्य कंत्राटे दहा कंपन्यांकडे होती. त्यांत टाइपरायटरवाली अंडरवुड होती, आयबीएम होती, नाणे टाकून गाणी वाजवणारी यंत्रे बनवणारी रॉक-ओला होती. सुटे भाग आणखी कितीतरी छोटे कारखाने पुरवत, म्हणून भागाभागावर बनवणाऱ्याचे अक्षर उमटवलेले असे. पुष्कळ नळ्यांवर महिना आणि सनही असे. मात्र तो सन नळीचा, बंदुकीचा नव्हे. संगीन अडकवायची खुंटी या कार्बाइनला युद्धाच्या अखेरीअखेरीस आली. तेव्हा 1943 च्या नळीवर ती दिसली, की जाणकार ओळखतो, ही बंदूक नंतर सरकारी शस्त्रागारात जाऊन आली. युद्ध संपल्यावर लाखो कार्बाइन खोलून, भाग एकत्र करून पुन्हा जुळवल्या गेल्या. म्हणून भाग न जुळणे हा तिथे खोटेपणाचा पुरावा मानत नाहीत. तो त्या बंदुकीच्या नोकरीचा दाखला असतो.

तिकडे ही मेहनत बहुतेक हौशी संग्राहकांनी घेतली. आपल्याकडे तिची गरज हौसेपेक्षा फार मोठी आहे. माओवाद्यांच्या हातातल्या चांगल्या शस्त्रांपैकी बरीचशी पोलिसांकडून लुटलेली. 2009 च्या फेब्रुवारीत याच जिल्ह्यातल्या मरकेगावला 15 पोलीस मारले गेले, ऑक्टोबरमध्ये लाहेरीला 17. पोलिसाला बंदूक मिळते ती क्रमांकासह, रजिस्टरात सही करून. म्हणजे शरण आलेल्या एखाद्या रायफलीवरचा क्रमांक एखाद्या मृत जवानाच्या नावापुढे आजही लिहिलेला असू शकतो. कायद्यालाही या ठशाची किंमत माहीत आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याचे आठवे कलम बंदुकीवरची ओळखखूण खोडायला, बदलायला मनाई करते. गुन्हेगाराने खूण खोडू नये म्हणून कायदा करायचा आणि आपण ती न नोंदवता लोखंडासकट वितळवायची, हे बरे नव्हे.

दुसरी बंदूक भरमार. हिच्यावर ना सन, ना क्रमांक, ना कारखाना. वरून दारू ठासायची, छर्रे भरायचे आणि चाप ओढायचा. जंगलालगतच्या गावांत ती शिकारीसाठी आणि पिकात घुसणाऱ्या रानडुकरासाठी घराघरांत होती. माओवाद्यांच्या दलमच्या, म्हणजे सशस्त्र तुकडीच्या, खांद्यावरही ती दिसली. पोलिसांच्या आवाहनानंतर गावोगावच्या लोकांनी अशा बंदुका आणून दिल्या आहेत. ठसा नसला तरी हीसुद्धा मुकी नाही. नळी कशाची, कानशीचे ओरखडे कसे, घोडा कुठल्या पट्टीतून कापला, दस्ता सागाचा की आणखी कशाचा, यातून लोहाराचा हात ओळखता येतो. आणून देणाऱ्याला माडियात किंवा गोंडीत दोन प्रश्न विचारले तर उरलेले तोच सांगेल. ती सांगणारी पिढी आज हयात आहे.

खटल्याला बोर, क्रमांक आणि बंदूक चालू आहे की नाही, एवढे पुरते. इतिहासाला ते पुरत नाही. प्रत्येक शस्त्रामागे दोन पाने लिहा. प्रत्येक ठशाचा जवळून फोटो घ्या, सांगाडा, नळी, बोल्ट यांवरचे क्रमांक वेगवेगळे उतरवा आणि लुटीच्या नोंदींशी ताडा. भरमारीसाठी मापे आणि मालकाचा जबाब घ्या. पोलिसांना मनुष्यबळ कमी पडत असेल तर 2011 पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याच्या विद्यार्थ्यांना या कामाला बसवा. निवडक शस्त्रे निकामी करून जिल्ह्यातच जपा. चार दशकांहून अधिक काळ या जिल्ह्याने जे सोसले, त्याची साक्ष इथल्या मुलांना इथेच पाहता आली पाहिजे.

आणि एखादा क्रमांक रजिस्टरातल्या नावाशी जुळलाच, तर पोलीस साहेबांनी स्वतः त्या जवानाच्या घरी जावे. तुमच्या मुलाची बंदूक परत आली, एवढे एक वाक्य त्या आईला सांगावे. त्यासाठी तो क्रमांक आधी कुणीतरी वाचलेला हवा.