बोंबलाचे बदक कसे झाले

इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणजे बोंबील, आणि तोही बहुधा सुका. बदकाशी त्याचा काडीचा संबंध नाही. परदेशातल्या मराठी घरांत या नावाची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. सुक्या बोंबलाची पोती मुंबईहून टपालाच्या गाडीने जात, डबे वासाने भरून जात, त्या गाडीला ‘बॉम्बे डाक’ म्हणत, आणि साहेबाच्या तोंडी ‘डाक’चे ‘डक’ झाले. गोष्ट चटकदार आहे, पण सनावळीपुढे टिकत नाही.

मुंबई–ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली. रूळ खोपोलीपर्यंत आले १८५६ मध्ये. बोरघाटातला लोहमार्ग तर १८६३ साली खुला झाला. तोवर खोपोलीला उतरून घाट पालखीने नाहीतर तट्टावरून चढावा लागे. ‘बॉम्बे डक’ हे शब्द मात्र निदान १८२९ पासून तरी छापील इंग्रजीत सापडतात. त्याही आधी, १८०३ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या पत्रात मुंबईकडच्या इंग्रजांचा उल्लेख ‘डक्स’ असा आहे. रेल्वेपूर्वीही डाक होतीच, असे कोणी म्हणेल. पण ती हरकाऱ्यांच्या खांद्यावरून जाई, आणि हरकाऱ्याच्या पाठीवर बोंबलाचे पोते कोण देणार?

मुळात इंग्रजांना या मासळीसाठी नवे नाव हवे होते असेही नाही. सतराव्या शतकात मुंबईला आलेला वैद्य जॉन फ्रायर माझगावचे वर्णन करताना तिथल्या मासळीला ‘बंबेलो’ म्हणतो आणि ती गरिबांचे अन्न असल्याचे नोंदवतो. १८१०च्या सुमारास प्रवासलेखिका मारिया ग्रॅहमने उन्हात वाळवलेला हाच ‘बंबेलो’ न्याहारीला खिचडीबरोबर खाल्ला जातो, असे लिहिले. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे मराठी ‘बोंबील’च थोडा वाकडा होऊन इंग्रजीत नांदत होता. पुढे बदकाने त्याला बाजूला सारले.

ते का, याचे पक्के उत्तर कोणत्याही कोशात नाही. कंपनीच्या काळात तिन्ही इलाख्यांतले इंग्रज एकमेकांना टोपणनावांनी हिणवत. ‘कोई है’ अशी नोकराला हाक मारणारे बंगालवाले ‘क्वी हाय’, मुलुगतानीचे सार ओरपणारे मद्रासवाले ‘मल’, आणि मुंबईवाले ‘डक’. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाचा कल असा, की मासळीचे नाव आधीचे आणि माणसांना ते तिच्यावरून पडले. म्हणजे १८०३च्या पत्रामागेही बोंबीलच उभा आहे. आणखी एक तर्क म्हणजे बाजारातल्या ‘बोंबील टाक’ या शब्दांचा ‘बॉम्बे डक’ झाला. हा तर्क मांडणारे त्याचा अर्थ ‘हे घ्या बोंबील’ असा देतात, तिथेच घोळ आहे. मराठीत ‘घे’ म्हणते ती कोळीण. ‘टाक’ म्हणते गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाच्या तोंडी ते शब्द शोभतात खरे, पण त्यांचा ‘डक’ झाल्याचा पुरावा कुठेच नाही.

घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला लागून असलेल्या साजगावात ‘बोंबील’ या शब्दाला असले काही सोसावे लागले नाही. ताकई-साजगावच्या विठ्ठलाची जत्रा कार्तिकी एकादशीला सुरू होते. देहूहून तुकाराम महाराज मिरची विकायला इकडे उतरत, अशी आख्यायिका आहे, म्हणून ही धाकटी पंढरी. पण जत्रेचे खरे नाव झाले ते सुक्या मासळीच्या बाजारामुळे, आणि देवच ‘बोंबल्या विठोबा’ झाला. माळकऱ्यांच्या दैवताला मासळीचे नाव देण्यात गावाला काही वावगे वाटले नाही. मुंबईच्या साहेबांना बोंबलावरून पडलेले नाव कधीच विरले. विठोबाचे टिकून आहे.

या बाजारातला बोंबील सुकतो तो समुद्रकाठी. ओला बोंबील पाण्याने इतका भरलेला असतो की तो हातात धड उभाही राहत नाही. डोलीच्या जाळ्यात सापडलेले बोंबील तोंडात तोंड अडकवून, जोडीजोडीने बांबूच्या वलांडीवर टांगतात आणि उन्हा-वाऱ्यावर सोडतात. नेमके हेच १९९७ मध्ये युरोपात आड आले. मान्यताप्राप्त कारखान्यात गोठवलेली किंवा डबाबंद मासळीच भारतातून येऊ द्यायची, असा नियम युरोपीय आयोगाने केला, आणि उघड्यावर वाळवलेला बोंबील ब्रिटनमधल्या दुकानांतून नाहीसा झाला. तिथे तो परत आणण्यासाठी मोहीम चालली. पुढे, वाळवण उघड्यावर चालेल पण बांधणी मान्यताप्राप्त ठिकाणी हवी, अशी सवलत मिळाली.

मोहीम ‘बॉम्बे डक’ वाचवण्याच्या नावाने झाली, हे समजण्यासारखे आहे. इंग्रजांना तेच नाव ओळखीचे. परदेशातल्या मराठी मंडळाच्या जेवणावळीत पाटीवर तेच लिहिण्याचे मात्र कारण नाही. ‘सुशी’ आणि ‘किमची’ ज्या इंग्रजीने जशीच्या तशी उचलली, तिला ‘बोंबील’ जड जाऊ नये. फ्रायरच्या काळी तर तिने तो उचललाही होता.