‘मी फक्त पुढे पाठवलं’ ही सबब आपल्या धर्मात चालत नाही



आज जरा कडक लिहिणार आहे. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये चार-पाच ग्रुप तरी आहेतच. मंदिराचा, महिला मंडळाचा, माहेरचा, सोसायटीचा, पाठशाळेतल्या आयांचा. तिथे काही खोटंनाटं आलं आणि पाठवणारीला विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं, ‘मी कुठे लिहिलंय? आलं तसं पुढे पाठवलं.’ काही जणी तर मेसेजखालीच लिहितात, ‘फॉरवर्डेड अ‍ॅज रिसीव्ह्ड’. तेवढं लिहिलं की हात झटकले! माझं म्हणणं एवढंच आहे, की बाकी कुणी ही सबब सांगो, आपल्याला ती सांगता येत नाही.

का येत नाही? आपल्या जपमाळेत 108 मणी असतात. त्याचं एक कारण लहानपणी पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलोय. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात पापाच्या आस्रवाचा हिशोब दिला आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदित हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक 108. यात कृत म्हणजे स्वतः केलेलं, कारित म्हणजे दुसऱ्याकडून करवलेलं आणि अनुमोदित म्हणजे दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावणं. म्हणजे खोटं लिहिणारीच्या खात्यात नोंद पडते, तशी ते पसरवणारीच्या आणि त्याला अंगठा दाखवणारीच्या खात्यातही पडते. ‘आलं तसं पाठवलं’ यासाठी 108 मध्ये सुटकेचा एकही मणी नाही.

आता उदाहरण घ्या. आमच्याकडे एक भगिनी घरी पापड, शेवया, मसाले करून विकते. नवरा नाही, त्यावर मुलाच्या कॉलेजची फी निघते. दशलक्षण पर्वाच्या आठवडाभर आधी ग्रुपवर एक आवाजी मेसेज आला. तिच्या मसाल्यात लसूण असतो, सावध राहा. बोलणारी कोण, कुठली, कुणालाच माहीत नाही. तरी संध्याकाळपर्यंत तो मेसेज तालुकाभर फिरला आणि तिच्या बहुतेक ऑर्डरी रद्द झाल्या. मी तिच्या घरी गेले, मसाला कुटताना बसून पाहिलं. लसूण नव्हता. मग कळलं की तक्रार दुसऱ्या गावातल्या, त्याच आडनावाच्या विक्रेत्याची होती. मी खुलासा ग्रुपवर टाकला. 180 जणींच्या ग्रुपमध्ये त्याला दोन अंगठे मिळाले. ज्यांनी पहिला मेसेज पाच ठिकाणी पाठवला होता, त्यांतल्या एकीनेही खुलासा पाठवला नाही. वर म्हणाल्या, ‘अहो, आम्ही चांगल्यासाठीच सावध केलं होतं.’

चांगल्यासाठी! याच शब्दावर मला बोलायचं आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात काय झालं ते आठवा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या दिवसांत गावोगाव फिरत होते. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना वाटलं असेल, की आपण मुलांची काळजी घेतोय. अहिंसेचं नाव घेणाऱ्या आपण मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालतो. मग बोटाखाली काय येतंय ते का बघत नाही?

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये, करोनाच्या दिवसांत, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. अशा मेसेजवर दुहेरी बाण दिसतो. कंपनीला मर्यादा कळली. आपण तर व्रताच्या भाषेत रोज मर्यादा म्हणतो, मग आपल्याला कळायला काय हरकत आहे? आणि पाच हा आकडा लहान समजू नका. 200 जणींचे पाच ग्रुप म्हणजे 1000 फोन. पूर्वी पाणवठ्यावर उभं राहून आयुष्यभर बोललं असतं, तरी इतके कान मिळाले नसते.

आता कुणी म्हणेल, ही बाई फोनच्या विरोधात आहे. मुळीच नाही. महाराजांचा विहार कुठवर आला, आहाराची व्यवस्था कुणाकडे, रक्त कुणाला हवंय, हे या ग्रुपांमुळेच घरबसल्या कळतं. डिसेंबर 2022 मध्ये सम्मेद शिखरजीच्या पर्यटनाचा प्रश्न उभा राहिला. कधी उंबऱ्याबाहेर घोषणा न दिलेल्या आपल्या बायका गावोगाव मोर्च्यात उतरल्या, त्या अशा मेसेजमधून निरोप मिळाल्यामुळेच. 5 जानेवारी 2023 ला केंद्र सरकारने तिथल्या पर्यटनाला स्थगिती दिली. आपल्या बोलण्यात ताकद आहे हे त्या दिवशी दिसलं. ताकद आहे म्हणूनच जबाबदारी आहे. ज्याचा काही परिणाम होत नाही, त्याबद्दल मी एवढं कशाला लिहीन?

दुसरी म्हणेल, हे ग्रुपच्या अ‍ॅडमिनने बघायचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं आहे, की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर, दोघांचा हेतू एक नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येणार नाही. म्हणजे कायद्यातही बोट पाठवणारीकडेच वळतं.

तिसरी म्हणेल, आम्हाला खरं-खोटं कसं कळणार, आम्ही काय तज्ज्ञ? यावर मला हसू येतं. दळण कधीचं आहे हे विचारल्याशिवाय आपण पिठाला हात लावत नाही. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, हे झोपेतही सांगू. पाणी दुहेरी फडक्याने गाळतो. ज्या बाईला पिठाचं वय कळतं, तिला ‘हे कुणी सांगितलं, कधीचं आहे, तू स्वतः पाहिलंस का’ हे तीन प्रश्न विचारायला कुठली पदवी लागते? मी कॉमर्स शिकले, तिथे पहिला धडा हाच होता, व्हाउचर नाही तर नोंद नाही. तज्ज्ञ असण्याची गरज नाही. कळत नसेल तर पाठवू नये, एवढं तर कळतं!

सत्याणुव्रताचे पाच अतिचार उमास्वामींनी सांगितलेत ते आजच्या फोनवर ठेवून बघा. मिथ्योपदेश म्हणजे खोटा उपदेश. ‘हा काढा घ्या, शुगरच्या गोळ्या बंद होतील’ हा तोच. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणं. डॉक्टरच्या किंवा आचार्यांच्या नावाने कुणीतरी रचलेले मेसेज हेच आहेत. रहोभ्याख्यान म्हणजे एकांतातली गोष्ट उघड करणं. एकीने विश्वासाने लिहिलेल्या मजकुराचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर टाकणं याला दुसरं नाव नाही. कुणाच्या मुलीचं ठरलेलं मोडलं, कुणाची सून माहेरी का राहिली, याचे स्क्रीनशॉट फिरवणाऱ्या हातांनीच आपण सकाळी अभिषेक करतो. साकारमंत्रभेद म्हणजे हावभावांवरून दुसऱ्याच्या मनातलं ओळखून ते फोडणं. तिने डीपी काढला म्हणजे घरात काहीतरी झालंय, ही चर्चा आठवते का? पाचवा अतिचार न्यासापहार, म्हणजे कुणी विश्वासाने ठेवलेल्या ठेवीबाबत खोटेपणा करणं. तो पैशाअडक्याचा, त्याची फोड इथे करत नाही. पण पाचांतले चार आपण एका दुपारी, चहा उकळेपर्यंत करून मोकळ्या होतो.

मग करायचं काय? महिला मंडळाच्या पुढच्या सभेत मी तीन नियम मांडणार आहे, तुम्हीही तुमच्याकडे मांडा.

पहिला, जे स्वतः पाहिलं नाही किंवा ज्याचा सांगणारा माहीत नाही, ते पुढे जाणार नाही. दुहेरी बाण दिसला की थांबायचं.

दुसरा, कुणाचंही खासगी बोलणं, फोटो, आजारपण, सोयरिकीची बोलणी, तिला विचारल्याशिवाय ग्रुपवर येणार नाहीत.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा. चुकीचं गेलं असेल तर नुसतं ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करून चालणार नाही. वहीखात्यात चुकीची नोंद खोडत नाहीत, दुरुस्तीची नोंद करतात. आणि पाणी गाळल्यावर जीवाणी आपण त्याच विहिरीत परत सोडतो ना, तसा खुलासाही ज्या ज्या ग्रुपवर चूक गेली, त्या त्या ग्रुपवर, आपल्या नावाने गेला पाहिजे. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. क्षमावाणीच्या दिवशी गुलाबाची चित्रं शेकडो जणांना पाठवण्यापेक्षा जिचं नुकसान झालं त्या एकीचं नाव घेऊन दोन ओळी लिहिणं अवघड आहे, आणि क्षमा म्हणतात ती त्यालाच.

आणखी एक सांगते. पुढे पाठवणं बंद केलं तर ग्रुप ओस पडतील अशी काहींना भीती आहे. पडू द्या चार दिवस. मग स्वतःच्या शब्दांत लिहा. चातुर्मासात पालेभाजीशिवाय काय करता, सासूबाईंकडून शिकलेली आरती, पाठशाळेतल्या मुलांनी विचारलेला प्रश्न, गुडघेदुखीत सामायिकाला कसं बसता. दुसऱ्याने रचलेली शंभर सुविचारांची चित्रं वाचून कुणी कुणाच्या जवळ आलेलं नाही. तुमची एक मोडकीतोडकी ओळ वाचून मात्र समोरची बाई उत्तर देते आणि तिथून ओळख वाढते. लिहिता येत नाही म्हणू नका, बोलता येतं तसंच लिहा.

हा लेख पटला तर कृपा करून पुढे ढकलू नका. ज्या मैत्रिणीला सांगावंसं वाटेल तिला फोन लावा आणि आपल्या तोंडाने सांगा.

जय जिनेंद्र.