वृत्तपत्रांतील उमेदवारी

पेढीवर बसणारा मुलगा आधीं रोजकीर्द लिहितो, मग खतावणी करितो, आणि माल पारखण्याची नजर आल्याखेरीज त्याच्या हातीं खरेदी दिली जात नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. वैद्यकाच्या विद्यार्थ्यास एक वर्ष रुग्णालयांत राबल्यावांचून स्वतंत्र धंदा करितां येत नाहीं. २० मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीसाठींहि तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हां घातली. मग ज्याच्या एका ओळीनें गृहस्थाची अब्रू जाते व पेढीची पत बुडते, त्या बातमीदारानेंच पदविका मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशीं बेधडक लेखणी चालवावी कीं काय?

कागद न पारखण्याची किंमत काय पडते, याचा दाखला आमच्याच इतिहासांत आहे. कोल्हापूर प्रकरणीं 'केसरी' व 'मराठा' यांनीं जे कागद खरे मानून मजकूर छापला, ते बनावट ठरले. आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर यांस बेअब्रूच्या खटल्यांत शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. दोघेहि विद्वान्, दोघांचा हेतु निर्मळ, आणि टिळक तर कायद्याचे पदवीधर. तेव्हां विद्वत्ता निराळी व कागदाची पारख निराळी. ही पारख केवळ व्याख्यानें ऐकून येत नाहीं. कोर्टांत व नगरपालिकेच्या सभेंत तासन् तास बसून, बाजारांत भाव स्वतः विचारून, आणि जाणत्या उपसंपादकानें खोडलेली आपली बातमी पुन्हां लिहून ती येते.

यावर सरकारमान्य पात्रतेचा उपाय कित्येक सुचवितात. प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष न्यायमूर्ति मार्कंडेय काटजू यांनीं २०१३ सालीं पत्रकारांच्या किमान पात्रतेचा विचार करण्यास समितीहि नेमली होती. हेतु कितीहि चांगला असो, परवान्याचा मार्ग आम्हांस मान्य नाहीं. जो परवाना देतो तो काढूनहि घेतो. मुद्रकांकडून जामीनकतबे मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटांस देणारा १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा ज्या राष्ट्रानें सोसला, त्यानें ही किल्ली पुन्हां सत्तेच्या हातीं देऊं नये.

खरी अडचण निराळीच आहे. पुष्कळ ठिकाणीं उमेदवारी फुकट करून घेतली जाते. मुंबईपुण्यांत सहा महिने पदरचें खाऊन राहणें ज्यास परवडतें, तोच शिकतो. शेतकऱ्याची हुशार मुलगी व हमालाचा चुणचुणीत मुलगा दाराबाहेर राहतात. नुकसान केवळ त्यांचें नव्हे. ज्या वस्तीचा माणूस कचेरींत नाहीं, तिची बातमी पत्रांत येत नाहीं. आली तर पोलिसांच्या तोंडून येते. शिकाऊ उमेदवारास विद्यावेतन मिळालें पाहिजे, हें तत्त्व १९६१ च्या कायद्यानें मान्य केलें आहे. कामगारांच्या वेतनावर अग्रलेख लिहिणाऱ्यांनीं तें आपल्या कचेरींत आधीं पाळावें.

प्रत्येक दैनिकानें वर्षाला दोनच उमेदवार घ्यावे. परंतु विद्यावेतनाचा आंकडा जाहिरातींत छापून घ्यावे, आणि त्यांस एका अनुभवी उपसंपादकाच्या हवालीं करावें. यास खर्च येईल. पण बेअब्रूच्या एका खटल्याचा खर्च ज्यांनीं भरला आहे, त्यांस तो जड वाटणार नाहीं.