चिकुझान यांचा शामिसेन

मंडळी, गेला आठवडाभर एकच मैफल पुनःपुन्हा ऐकतो आहे. जपानच्या ताकाहाशी चिकुझान यांच्या शामिसेनवादनाची. १९७०च्या दशकात टोकियोच्या शिबुया भागात, एका चर्चच्या तळघरातल्या छोट्या नाट्यगृहात त्यांचे कार्यक्रम होत. तिथलंच हे ध्वनिमुद्रण.

चिकुझान यांच्याविषयी कुणी बोलू लागलं की 'दुःखातून कला फुलली' हे हमखास येतं. मला हे मुळीच पटत नाही.

दुःख होतं हे खरंच. जन्म १९१०चा, उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतातला. लहानपणी गोवराने डोळे जवळजवळ गेले. पंधराव्या वर्षाच्या सुमारास एका अंध वादकाकडे शिकायला राहिले आणि मग बर्फातून दारोदार वाजवत फिरले. मूठभर तांदूळ मिळाला तर मिळाला. पण असे वणवण फिरणारे अंध वादक तिकडे कितीतरी होते. भुकेनेच वादक घडत असता तर ते सगळेच चिकुझान झाले नसते का? आपण सुखात बसून ऐकणारी माणसं ना, त्यांच्या हालांना कलेची फी ठरवून मोकळी होतो!

मला विचाराल तर त्यांना घडवलं ते संगतीने. लोकगीतगायक नारिता उंचिकु यांच्याबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं साथ केली. 'चिकुझान' हे नावही उंचिकु यांनीच दिलेलं. दुसऱ्याच्या श्वासाकडे कान लावून बसायची सवय त्यांच्या एकट्याच्या वादनातही ऐकू येते. जागा सोडून वाजवतात, जणू शेजारी कुणी गाणारं आहे.

वाद्याला तारा तीनच. हातातल्या मोठ्या पट्टीचा फटकारा तारेबरोबर खालच्या कातड्यावरही बसतो, म्हणजे सतार आणि ढोलकी एकदमच. तंबोरा लावणाऱ्यांना एक गंमत सांगतो. सर्वांत जाड तार वरच्या टोकाला दांडीला मुद्दाम किंचित टेकू देतात, त्यामुळे ती झणझणते. याला ते 'सावारी' म्हणतात. आपली जवारीच की!

मधूनमधून ते आपल्या गावाकडच्या बोलीत श्रोत्यांशी बोलतात. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण तो आवाज कीव मागणाऱ्याचा नाही एवढं नक्की.

ऐकणार असाल तर 'इवाकी'पासून सुरुवात करा. ही त्यांची स्वतःची रचना, त्सुगारूतल्या इवाकी पर्वताच्या नावाची. आणि कसं वाटलं ते कळवा, विशेषतः घरातल्या तबलजींनी.